संगणक रिकामा बसला की नेटवर्क का तुटतं?

बदलापूर गावातून मुंबईतल्या लॅबला जायचं तर आधी रिक्षाने स्टेशन, मग लोकल. जाऊन-येऊन तीन तास सहज जातात. म्हणून लॅबच्या संगणकावर घरूनच लॉगिन करणारे आपल्यात बरेच आहेत. पीएचडीला लागलात की तुम्हीही कराल, आणि मग हे दिसेल: काम चालू असेपर्यंत कनेक्शन ठणठणीत, जेवून परत यावं तर तुटलेलं.

लगेच राउटर किंवा संगणक रीस्टार्ट करू नका. सगळं नव्याने सुरू झालं की काय बिघडलं होतं त्याचा पुरावाच जातो.

संशयित तीन. एक, संगणक स्वतःच झोपतो. दोन, संगणक जागा, पण वीज वाचवायला नेटवर्क कार्ड झोपतं. तिसरा जरा लपलेला असतो: मधला राउटर किंवा फायरवॉल. सोसायटीच्या वॉचमनसारखी त्याच्याकडे एक वही असते, कोणाचं कनेक्शन कोणाशी चालू आहे याची. बराच वेळ काही ये-जा झाली नाही, की तो नोंद खोडतो. दोन्ही टोकांना वाटत राहतं की कनेक्शन आहे! 2008 च्या आरएफसी 5382 या मानकानुसार अशी टीसीपी नोंद 2 तास 4 मिनिटांच्या आत खोडू नये. हा विचित्र आकडा का, तर टीसीपीची 'जिवंत आहेस का' ही विचारणा, चालू केलेली असली तरी, मुळात 2 तासांनी जाते. प्रत्यक्षात बरीच उपकरणं काही मिनिटांतच खोडून मोकळी होतात.

आता तपास. किती मिनिटांनी तुटतं ते निदान तीनदा मोजा. दर वेळी आकडा तोच आला तर कुठेतरी टायमर आहे. कधी 5, कधी 40 मिनिटं असेल तर केबल किंवा वाय-फायकडे बघा.

तुटलेलं असतानाच लॅबमधल्या मित्राला शेजारच्या संगणकावरून पिंग करायला सांगा (एरवी पिंगला उत्तर येतं ना, हे आधी तपासून ठेवा). पिंग आधी, कीबोर्डला हात नंतर. कारण हात लावला की झोपलेला संगणक उठतो आणि परीक्षा फुकट. उत्तर आलं तर दोष मधल्या वाटेवर. नाही आलं आणि संगणक झोपलेला दिसला तर संशयित पहिला, जागा दिसला तर दुसरा. रात्रभर पिंग चालू ठेवून मोजू नका. मोजण्यानेच कार्ड जागं राहील आणि बिघाड दिसणारच नाही.

उपाय त्यामानाने सोपे. पहिल्यासाठी पॉवर सेटिंगमधली स्लीप बंद करा. दुसऱ्यासाठी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली, वीज वाचवायला उपकरण बंद करू देणारी खूण काढा. तिसऱ्यासाठी एसएसएचच्या सेटिंगमध्ये 'सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल' 60 ठेवा. दर 60 सेकंदांनी रिकामी हाक जाते आणि वहीतली नोंद टिकते. एकावेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. संस्थेने मुद्दाम वेळमर्यादा घातली असेल तर आधी संगणक विभागाला विचारा.

आणि आठ तासांचं सिम्युलेशन एसएसएचच्या साध्या खिडकीत सोडून झोपू नका. कनेक्शन तुटलं की तो प्रोग्रॅमही बहुधा मरतो. टीमक्स किंवा स्क्रीनमध्ये चालवा. मग नेटवर्क गेलं तरी गणित तिकडे चालू राहतं, सकाळी परत जोडून घ्यायचं.