होडीतले पाणी आणि तिसरा हात

शोध म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठी प्रयोगशाळा आणि लाखो रुपयांची यंत्रे उभी राहतात. वस्तीतल्या एखाद्या मुलाला 'तू शोध लाव' असे म्हटले तर तो हसेल. परंतु ज्याला रोज अडचण सोसावी लागते त्यानेच तिच्यावर तोड काढली, असे जगात अनेकदा घडले आहे. अशाच एका लहानशा वस्तूची हकीकत आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

अडचण काय होती?

डिंगी म्हणजे लहान, उघडी, शिडाची होडी. तिच्यात एक किंवा दोन माणसे बसतात. मुंबईच्या बंदरात किंवा हैदराबादच्या हुसेनसागरात अशा होड्या पुष्कळांनी पाहिल्या असतील. वारा वाढला की लाटा काठावरून आत येतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. पन्नास लिटर पाणी साचले म्हणजे होडीत एक जास्तीचा माणूस बसला असे समजावे. आणि हा माणूस स्वस्थ बसणारा नव्हे! होडी ज्या बाजूला कलते त्याच बाजूला पाणी धावते आणि तिला आणखी कलवते. वेग मंदावतो आणि होडी उलटण्याचा धोका वाढतो.

मग डब्याने पाणी उपसावे, तर एका हातात सुकाणू आणि दुसऱ्या हातात शिडाची दोरी. उपसायला तिसरा हात आणायचा कोठून?

डेन्मार्कच्या माणसाची तोड

या अडचणीवर उत्तम तोड काढली ती पॉल एल्व्हस्ट्रम यांनी. त्यांचा जन्म १९२८ साली डेन्मार्कमध्ये झाला. १९४८, १९५२, १९५६ आणि १९६० अशा सलग चार ऑलिंपिकमध्ये, एकट्याने चालवायच्या होडीत, त्यांनी सुवर्णपदक मिळवले. पहिल्या पदकाच्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते. २०१६ साली त्यांचे निधन झाले.

होडीच्या तळाला भोक पाडायचे आणि त्यातून पाणी बाहेर घालवायचे, ही कल्पना ऐकताच कोणीही म्हणेल, भोक पाडले तर पाणी आत येईल! होडी उभी असेल तर तसेच होईल. पण होडी वेगाने चालू असली की गोष्ट उलटी होते. भोकाच्या जागी पाचरीच्या आकाराचे तोंड खाली काढले, म्हणजे पुढून उतरते आणि मागे उघडे, तर धावते पाणी त्याच्यावरून सरकते आणि मागच्या बाजूला दाब कमी होतो. त्या कमी दाबाकडे होडीतले पाणी ओढले जाते. ना मोटर, ना पंप. होडीचा वेग हाच पंप.

अशी साधने एल्व्हस्ट्रम यांच्या अगोदरही होती, हे सांगितले पाहिजे. परंतु त्यांत दोन दोष होते. दगडाला किंवा किनाऱ्याला धक्का लागला की ती मोडत, आणि होडी मंदावली की त्यांतून बरेच पाणी आत येई. एल्व्हस्ट्रम यांनी दोन्ही दोष ओळखले. धक्का लागताच साधन आपोआप वर मिटावे अशी रचना त्यांनी केली. आत एक लहानशी झडप बसवली. ती पाण्याला बाहेर जाऊ देते, उलट येताना अडवते. आता नाविकाने फक्त साधन खाली ढकलायचे; हात सुकाणूवर आणि दोरीवरच राहतात.

काठाबाहेर झुकून होडीचा तोल सावरताना पाय अडकवण्यासाठी तळाशी जो पट्टा असतो, त्याचे श्रेयही त्यांनाच देतात. तसे झुकण्याचा सराव व्हावा म्हणून त्यांनी घरी एक खास बाक केला होता.

न्हाव्याने आखलेली होडी

एल्व्हस्ट्रम यांनी ज्या 'फिन' होडीत तीन सुवर्णपदके मिळवली, तिचा आराखडा कोणी केला? स्वीडनच्या रिकार्ड सार्बी यांनी. त्यांचा धंदा केस कापण्याचा होता. दिवसा कात्री चालवणाऱ्या या माणसाची होडी १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवडली गेली. त्याच शर्यतीत स्वतः उतरून सार्बी यांनी कांस्यपदकही मिळवले. धंद्यावरून माणसाची बुद्धी मोजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

मुलांनी घरी करून पाहावे

शीतपेयाच्या नळीचे दोन तुकडे करा. एक तुकडा पाण्याच्या ग्लासात असा उभा धरा की त्याचे तोंड पाण्याच्या थोडे वर राहील. दुसरा तुकडा त्या तोंडापाशी आडवा धरून जोराने फुंका. पाणी नळीतून वर चढेल आणि तुषार उडतील. डासांचे औषध मारायचा हातपंप याच तत्त्वावर चालतो.

लहान मुलांच्या 'ऑप्टिमिस्ट' होडीत मात्र पाणी हातानेच उपसतात. ही होडी १९४७ साली अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी आखली. स्वस्तात, प्लायवूडची, मुलांसाठी. तिच्यात प्लॅस्टिकचा कापलेला डबा असतो आणि होडी उलटली तरी तो वाहून जाऊ नये म्हणून दोरीने बांधलेला असतो. ही दोरी म्हणजेसुद्धा एक शोधच! आपल्या घरीही तेलाचा रिकामा कॅन, कडी आणि झाकण शाबूत ठेवून, तळाकडून तिरका कापावा. पावसाळ्यात उंबऱ्यातून आत आलेले पाणी उपसायला असे सूप फार उपयोगी पडते. कापताना मोठ्या माणसाने जवळ असावे.

आमचे सांगणे एवढेच

आपल्या घरातील माणसे गिरणीत, गोदीत, गॅरेजमध्ये, सफाईच्या कामावर राबत आली आहेत. कोणते हत्यार हाताला लागते, कोणत्या कामाने पाठ मोडते, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? परंतु 'चालायचेच' म्हणून आपण गप्प बसतो. एल्व्हस्ट्रम यांनी 'चालायचेच' म्हटले नाही. जुन्या वस्तूचे दोष कोणते, हे त्यांनी नेमके ओळखले आणि एकेक दूर केला.

म्हणून आईबापांना आमची विनंती आहे. मुलाने घरातली वस्तू उघडून पाहिली तर लगेच रागावू नका. 'हे असे का?' असे विचारले तर उत्तर द्या. येत नसेल तर दोघे मिळून शोधा. पुस्तकातली विद्या हवीच, पण हाताला आलेली अडचण हासुद्धा एक धडा आहे. तो वाचायला मुलांना शिकवू या.