शौचातून रक्त : आव, मूळव्याध की आणखी काही?

शौचातून रक्त पडले की आपल्याकडे दोनच नावे घेतली जातात : आव किंवा मूळव्याध. पुष्कळदा ते खरेही असते. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर आव काही नवी नाही. परंतु औषधे घेऊनही चार आठवड्यांनंतर रक्त आणि चिकट आव पडतच असेल, तर आतड्याच्या जुनाट दाहाचा विचार करायला हवा. यात शरीराची संरक्षक यंत्रणा आतड्यावरच उलटते. याचे मुख्य प्रकार दोन आहेत.

पहिला अल्सरेटिव्ह कोलायटिस. हा मोठ्या आतड्याचा विकार. तो गुदाशयापासून सुरू होऊन वर सलग पसरतो व आतल्या अस्तराला व्रण पडतात. रक्त, मुरडा, वारंवार शौचाची घाई, रात्री झोपेतून उठावे लागणे ही त्याची लक्षणे. जपानचे शिंझो आबे यांना किशोरवयापासून हाच विकार होता. औषधोपचार घेत ते त्या देशाचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिले. २०२० साली आजार पुन्हा बळावल्याने त्यांनी पद सोडले.

दुसरा क्रोन्सचा विकार. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन केले. तो तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही, मध्ये निरोगी भाग सोडून होतो. लहान आतड्याच्या शेवटी अधिक आढळतो. आतड्याची पूर्ण जाडी सुजल्याने मार्ग अरुंद होतो, भगंदरही होते. पोटदुखी, जुलाब, ताप, वजन घटणे ही लक्षणे. रक्त पडेलच असे नाही.

आपल्याकडे खरी मेख पुढे आहे. आतड्याचा क्षयही बहुधा त्याच जागी होतो आणि लक्षणेही तशीच असतात. क्षय साधारण सहा महिन्यांच्या औषधांनी बरा होतो. क्रोन्सवर मात्र स्टेरॉईडसारखी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे लागतात. क्षय असताना तीच दिली तर तो बळावतो. म्हणून दुर्बिणीने आतडे पाहून तुकडा तपासल्याशिवाय, कोणाच्या सांगण्यावरून स्टेरॉईडच्या गोळ्या घेऊ नयेत. सरकारी रुग्णालयांत क्षयाची तपासणी व औषधे मोफत आहेत. पोटविकारांचे स्वतंत्र विभाग मुंबईत केईएम, नायर येथे आहेत.

हे दोन्ही विकार संसर्गजन्य नाहीत. सुके बोंबील किंवा मिरची खाल्ल्याने ते होत नाहीत. बिडी-सिगारेटने मात्र क्रोन्स वाढतो. ते मुळापासून जात नसले, तरी ताब्यात राहतात. बरे वाटले म्हणून औषध मनाने सोडू नये. मोठ्या आतड्याचा विकार बराच पसरलेला असेल, तर आठ वर्षांनंतर कर्करोगासाठी दुर्बिणीची तपासणी ठराविक काळाने करावी.

रक्त, ताप आणि घटते वजन एकत्र दिसले, तर आणखी एक आवेची गोळी नको, तपासणी हवी.