भेगेतली माशी आणि पुण्याचं व्हायरस सेंटर

दिग्रसच्या आसपासच्या खेड्यांत पावसाळ्यात संध्याकाळी गोठ्यात दिवा लावला, की मातीच्या भिंतीवर तिळाएवढी, फिकट रंगाची एक माशी दिसते. ती सरळ उडत नाही, टुणटुण उड्या मारत सरकते. बसली की दोन्ही पंख उभे धरते. लोक 'बारीक मच्छर' म्हणून तिला सोडून देतात. पण ती मच्छर नाही, वाळूमाशी आहे. मच्छराला साचलेलं पाणी लागतं, हिला भिंतीची भेग, ओलसर माती, कुजलेलं शेण आणि थोडा अंधार पुरतो. डबकी बुजवून ही जात नाही.

तिला पकडायचं साधन साधं आहे. एक काचेची नळी, तिला जोडलेली रबरी नळी आणि मधे बारीक जाळी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काच आणि रबराचं टोक ओठांत. नळी माशीजवळ न्यायची आणि हलकेच श्वास ओढायचा. माशी काचेत येते, जाळीमुळे घशात जात नाही. गोठ्यात असा एकेक श्वास मोजत बसणाऱ्या माणसांनी या देशाचं विषाणुशास्त्र उभं केलं आहे. त्यांच्या पुण्याच्या संस्थेबद्दल विदर्भातल्या माणसाला आपुलकी वाटायला एक खास कारण आहे. तिच्या एका गाजलेल्या विषाणूचं नाव आपल्या नागपूरकडच्या गावाचं आहे: चांदीपुरा.

संस्था सुरू झाली १९५२ साली. रॉकफेलर फाउंडेशन आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात 'व्हायरस रिसर्च सेंटर' उघडलं. फाउंडेशनचे लोक आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेत पीतज्वराच्या मागे आयुष्य घालवलेले. भारतात पीतज्वराचा डास मुबलक, माकडं मुबलक, माणसं तर विचारूच नका. तरी रोग नाही. मग इथले डास आणि इथल्या गोचिडी पोटात काय घेऊन हिंडतात, हा प्रश्न त्यांनी धरला. पेशंट दवाखान्यात येईपर्यंत थांबायचं नाही, विषाणू जिथे राहतो तिथे आपण जायचं, ही रीत पहिल्या दिवसापासून ठरली. विषाणूचं घर, त्याचे यजमान आणि त्याची ने-आण करणारे कीटक, हे सगळं एकत्र पाहणं म्हणजे त्याची परिसंस्था अभ्यासणं.

सुरुवातीलाच देशभरच्या लोकांचं रक्त तपासलं गेलं. स्मिथबर्न, केर आणि गटणे यांचा हा अभ्यास १९५४ साली प्रसिद्ध झाला. त्यात झिका विषाणूसाठी तपासलेल्या १९६ जणांपैकी ३३ जणांच्या रक्तात प्रतिकारशक्तीच्या खुणा सापडल्या होत्या. जवळच्या नात्यातले विषाणू एकमेकांसारख्या खुणा ठेवतात, म्हणून त्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. पण झिकाचं नाव जगाला कळण्याच्या साठ वर्षं आधी पुण्यात हा प्रश्न विचारला गेला होता.

बाकीचं काम चिकाटीचं. मेंढ्या-बकऱ्यांच्या अंगावरून गोचिडी वेचायच्या, रात्री डास धरायचे, जातवार निवडायचे, वाटायचे आणि तो अर्क उंदराच्या अगदी कोवळ्या पिलांच्या मेंदूत टोचायचा. पिलं आजारी पडली की शोध पुढे. सापडलेल्या विषाणूला त्या जागेचं नाव मिळे. पुण्याच्या वानवडीतल्या मेंढ्यांच्या गोचिडीतून १९५४ साली एक मिळाला, तो 'वानवरी'. १९५५ मध्ये डासांतून मिळाला तो 'उंबरे'. ओडिशातला 'गंजाम', कच्छच्या उंटांवरच्या गोचिडीतला 'धोरी'. ज्यांनी कुणाला फारसं छळलेलं नाही, असेही कित्येक त्यात आहेत. तरी त्यांची नोंद झाली, नमुने गोठवून ठेवले गेले. या संस्थेचं खरं मोठेपण मला या जपणुकीतच दिसतं.

मोठी परीक्षा १९५७ ची. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासची माणसं तापाने फणफणली. माकडं आणि माणसं एकदमच आजारी म्हणजे पीतज्वरच आला, ही पहिली शंका. संचालक टेलफर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी धावले. निघाला वेगळाच विषाणू, रशियाच्या जंगलातल्या गोचिडी-तापाच्या नात्यातला. पांढरं फ्लॅनेलचं कापड पाचोळ्यावरून ओढत न्यायचं आणि त्याला चिकटलेल्या गोचिडी मोजायच्या, असं काम वर्षानुवर्षं चाललं. होर्हे बोशेल यांनी चित्र जुळवलं. जंगल तोडून शेती आली, शेतीमागे गुरं चरायला जंगलात शिरली, गुरांच्या रक्तावर गोचिडी पोसल्या आणि माणूस त्या साखळीत मधे सापडला. हे समजून घेताना प्रयोगशाळेतल्या अनेकांना हा ताप लागला, त्याची आठवण क्वचितच कुणी काढतं. पुढे हाच रोग गोव्यात सत्तरीत आणि आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गपर्यंत पोचला.

रॉकफेलरची मदत १९६७ मध्ये संपली. १९७८ मध्ये संस्थेचं नाव 'राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था' झालं आणि खुर्शीद पावरी तिच्या पहिल्या महिला संचालक झाल्या. मधल्या काळात, १९७३ साली, बार्शीत चिकनगुनियाची मोठी साथ आली, तीही याच लोकांनी अभ्यासली. त्यानंतर तो आजार देशातून जवळपास गायब झाला. पण २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतच्या डासांत त्यांना तोच विषाणू पुन्हा मिळाला. देशात त्याची साथ परत उसळली ती २००५ मध्ये.

आता चांदीपुरा. १९६५ साली नागपुरात तापाची साथ होती, मुख्यतः डेंगू-चिकनगुनियाची. तिचा तपास चालू असताना तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तातून अनोळखी विषाणू मिळाला. भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये तो प्रसिद्ध केला. धांडा आणि सहकाऱ्यांना तोच औरंगाबादच्या वाळूमाश्यांत सापडला, ते १९७० मध्ये छापून आलं. म्हणजे विषाणू ठाऊक, त्याची माशी ठाऊक. फक्त तो मारतो, हे ठाऊक नव्हतं. साध्या तापाचा विषाणू म्हणून तो पुण्याच्या फ्रीझरमध्ये पडून राहिला.

२००३ च्या पावसाळ्यात आंध्रात मुलं मरू लागली. करीमनगर, वरंगळ हे जिल्हे आपल्याला परके नाहीत. पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि तिथून पुढे तोच मुलूख: तीच काळी माती, तशीच गुरं, तशीच मातीची घरं. सकाळी खेळणारं पोर दुपारी तापलं, रात्री झटके आले आणि दुसऱ्या दिवशी गेलं, अशा बातम्या. जपानी मेंदूज्वराची शंका होती, पण तपासण्या जुळेनात. पुण्यात नमुन्यांतला विषाणू पेशींवर वाढवला आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखे कण दिसले. एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. रेबीजच्या कुळातले विषाणू असे दिसतात. संस्थेच्या साठ्यात या घराण्यातला एक जुना पाहुणा होता. पडताळून पाहिलं आणि जुळलं: चांदीपुरा, अडतीस वर्षांनी. ३२९ मुलं आजारी पडली, १८३ गेली. मुलं नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतची.

तो जुना नमुना आणि त्याविरुद्धची प्रतिद्रव्यं कुणी जपली नसती, तर हा शोध किती लांबला असता याचा विचार करवत नाही. १९६५ मध्ये दोन तापकऱ्यांचं रक्त नागपूरहून नेऊन निगुतीने सांभाळणाऱ्यांना त्यातून काय निघेल याची कल्पना नव्हती. तरी त्यांनी सांभाळलं.

२००७ मध्ये नागपूर विभागातच लहान मुलांत चांदीपुऱ्याचा मेंदूज्वर पसरला. ज्या गावाचं नाव घेऊन विषाणू जगभर गेला, त्याच मुलखात तो परतला होता. २०२४ चा उद्रेक मुख्यतः गुजरातमधला: जून ते १५ ऑगस्टपर्यंत मेंदूज्वराचे २४५ रुग्ण, ८२ मृत्यू, आणि त्यांतल्या ६४ जणांत चांदीपुरा सिद्ध झाला. लस नाही, औषध नाही. पोराला झटके आले की वेळेत दवाखान्यात पोचणं आणि घरात माशीला जागा न ठेवणं, एवढंच हाती.

संस्था आता पाषाणलाही आहे. तिथे देशातली पहिली सर्वोच्च सुरक्षेची प्रयोगशाळा उभी राहिली. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतली वटवाघळं धरून निपाह विषाणूच्या खुणा शोधल्या गेल्या, म्हणजे जुनी रीत अजून सुटलेली नाही. आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपुरात माणूस, जनावर आणि परिसर यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय 'वन हेल्थ' संस्थेची पायाभरणी झाली. चांदीपुऱ्याच्या मुलखात हे व्हायलाच हवं होतं.

इकडे दिग्रसकडे पाऊस उघडला की बाया शेण-माती कालवून गोठ्याच्या भिंती सारवायला घेतात. पऱ्हाटीचा ढीग भिंतीपासून हलवला, की मागची भेग उघडी पडते, बोटभर रुंद. कुणी बॅटरी आणि नळी घेऊन तिथे वाकलं, तर एक श्वास ओढायचा अवकाश. नाहीतर मूठभर चिखल आत दाबून वरून हात फिरवला की भेग बंद होते.