हरिणशिकार-परवाने व सार्वजनिक भूमिप्रवेश
अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मर्यादित संख्येचे हरिणशिकार-परवाने अर्जदारांत सोडतीने वाटण्याची पद्धती व त्या परवान्यान्वये सार्वजनिक मालकीच्या जमिनीवर जाण्याचा हक्क, यांचा येथे एकत्र विचार केला आहे. या दोन्ही गोष्टी परस्परावलंबी आहेत. परवाना मिळूनही शिकारीच्या क्षेत्रात पाऊल टाकता आले नाही, तर तो निरर्थक ठरतो. उलट जमीन खुली असूनही परवान्यांवर मर्यादा नसेल, तर हरणांचे कळप टिकत नाहीत.

पार्श्वभूमी : यूरोपातील अनेक देशांत शिकारीचा हक्क दीर्घकाळ राजाकडे किंवा जमीनमालकाकडे होता. अमेरिकेत मात्र वन्य प्राणी ही कोणाचीही खाजगी मालमत्ता नसून राज्यशासन जनतेचे विश्वस्त म्हणून त्यांचा सांभाळ करते, असे तत्त्व एकोणिसाव्या शतकात रूढ झाले. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांची मालकी मान्य केली होती. १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने ही मालकी केवळ कायदेशीर कल्पना असल्याचे सांगितले; तथापि प्राण्यांच्या रक्षणासाठी नियम करण्याचा राज्यांचा अधिकार कायम ठेवला. त्यामुळे हरिण खाजगी शेतात चरत असले, तरी शेतमालकाला ते राज्याच्या नियमांबाहेर जाऊन मारता येत नाही. तो इतरांना आपल्या शेतात येण्यास मज्जाव करू शकतो, एवढेच.

बाजारासाठी होणाऱ्या अनिर्बंध शिकारीमुळे १९०० च्या सुमारास श्वेतपुच्छ हरणांची संख्या काही लाखांपर्यंत घटली होती. बेकायदा मारलेल्या प्राण्यांच्या आंतरराज्य व्यापारास १९०० च्या लेसी अधिनियमाने बंदी केली. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन अधिनियमाने बंदुका व दारूगोळा यांवरील कराचे उत्पन्न वन्य जीव संवर्धनासाठी राज्यांना मिळू लागले. परवाना शुल्क अन्य कामांकडे वळविणाऱ्या राज्यास हे साहाय्य मिळत नाही. अशा उपायांमुळे श्वेतपुच्छ हरणांची संख्या आता सु. तीन कोटींच्या घरात गेली आहे. पश्चिमेकडील रुक्ष प्रदेशातील म्यूल हरिण मात्र त्या मानाने विरळ असून सोडतीची पद्धत मुख्यतः त्याच्याच बाबतीत महत्त्वाची ठरते.

केवळ संरक्षण पुरेसे नसते, हे ॲरिझोनातील कायबाब पठाराच्या उदाहरणावरून दिसून आले. ग्रँड कॅन्यनच्या उत्तरेकडील या पठारावर १९०६ मध्ये शिकारबंदी झाली व हिंस्र पशूही मोठ्या प्रमाणावर मारण्यात आले. हरणे बेसुमार वाढून १९२० नंतरच्या दशकात चाऱ्याअभावी मोठ्या संख्येने मेली. त्यांच्या संख्येच्या आकड्यांविषयी पुढे तज्ञांत मतभेद झाले. परंतु चाऱ्याच्या प्रमाणात कळप राखावा, हा धडा सर्वमान्य झाला. संघशासनाला आपल्या जमिनीच्या रक्षणासाठी तेथील हरणे मारता येतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९२८ मध्ये दिला. आज याच पठारावरील हरिणशिकारीचे परवाने सोडतीने दिले जातात.

परवाने व सोडत : राज्याचे वन्य जीव खाते राज्याची विभागणी शिकार-विभागांत करते. प्रत्येक विभागातील हरणांची पाहणी, दर शंभर माद्यांमागे नरांचे प्रमाण, पाडसांचे जगण्याचे प्रमाण आणि हिवाळ्यातील मृत्यू यांवरून किती नर व किती माद्या मारता येतील याचा अंदाज बांधतात. त्यानुसार विभाग, हंगाम व शस्त्र (धनुष्य, ठासणीची बंदूक, रायफल) यांनुसार परवान्यांची संख्या ठरते. अर्ज परवान्यांहून अधिक आल्यास सोडत काढतात. मिळालेला परवाना त्याच विभागापुरता व हंगामापुरता असतो. त्यासोबतची चिठ्ठी मारलेल्या प्राण्याला ताबडतोब जोडावी लागते. तिच्यामुळे एका परवान्यावर एकच हरिण मारले जाते.

सोडतीच्या पद्धती राज्यागणिक वेगळ्या आहेत. न्यू मेक्सिकोत पूर्वीच्या अपयशाला काहीही महत्त्व नसते. दरवर्षी सर्व अर्जदार समान पातळीवर असतात. कोलोरॅडोत परवाना न मिळालेल्या अर्जदाराला दरवर्षी एक अग्रक्रम-गुण मिळतो व परवाने मुख्यतः सर्वाधिक गुणधारकांना क्रमाने दिले जातात. ही पद्धत रांगेसारखी आहे. नेव्हाडात गुणांमुळे केवळ संधी वाढते : गुणांचा वर्ग करून त्यात एक मिळविला असता जी संख्या येते, तितके सोडत-क्रमांक अर्जदाराला मिळतात. उदा., पाच गुण असणाऱ्यास २६ क्रमांक मिळतात, तर नवख्यास एकच. ॲरिझोना व यूटा यांनी दोहोंचा मेळ घातला आहे. काही परवाने सर्वाधिक गुणधारकांसाठी राखून उरलेले दैवावर सोडले जातात.

रांगेच्या पद्धतीत कालांतराने एक दोष उद्‌भवतो. समजा, एखाद्या विभागात वर्षाला २० परवाने आहेत व सर्वाधिक गुण असलेले ४०० अर्जदार आहेत. त्यांपैकी सर्वांना परवाना मिळण्यास २० वर्षे लागतील. तोवर त्यांच्यामागच्यांचे गुणही वाढतच राहतील. अशा रीतीने परवान्यासाठी लागणारे किमान गुण दरवर्षी वर सरकतात आणि तरुण अर्जदाराला आयुष्यात एकदाही संधी मिळेल की नाही, याची शाश्वती राहत नाही. केवळ सोडतीच्या पद्धतीत ही अडचण नसते. पण वर्षानुवर्षे अर्ज करणाऱ्याच्या चिकाटीची दखल तीत घेतली जात नाही. सबुरी व दैव यांपैकी कशाला किती महत्त्व द्यावे, हाच या पद्धतींमधील मूळ वाद आहे.

काही थोडे परवाने लिलावानेही विकले जातात. यूटातील अँटिलोप बेटावरील एका परवान्यास तीन लाख डॉलरांहून अधिक किंमत आली आहे. हा पैसा संवर्धनासाठी वापरला जात असला, तरी सार्वजनिक विश्वस्तनिधीतील प्राणी धनिकांना विकणे योग्य नव्हे, असा आक्षेप घेतला जातो.

परराज्यातील अर्जदारांना बहुधा कमी परवाने व अधिक शुल्क असते. न्यू मेक्सिकोत ८४ टक्के परवाने राज्यातील रहिवाशांसाठी राखीव असतात. मंटॅनातील एल्क-शिकारीच्या अशाच भिन्न शुल्कास सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मान्यता दिली व २००५ मध्ये काँग्रेसने कायदा करून राज्यांचा हा अधिकार पुन्हा स्पष्ट केला. आदिवासी जमातींचे तहान्वये मिळालेले शिकारीचे हक्क मात्र स्वतंत्र आहेत. १८६८ च्या तहातील क्रो जमातीचा हक्क वायोमिंग राज्याच्या स्थापनेमुळे संपुष्टात आलेला नाही, असा निर्णय २०१९ मध्ये झाला.

सार्वजनिक भूमी : संघशासनाच्या भूव्यवस्थापन विभागाकडे सु. २४.५ कोटी एकर व वनसेवेकडे सु. १९.३ कोटी एकर जमीन असून ती प्रामुख्याने पश्चिमेकडील राज्यांत आहे. यांतील बहुतेक जमीन राज्याच्या नियमांना अधीन राहून शिकारीस खुली असते. राष्ट्रीय उद्यानांत सामान्यतः शिकारीस बंदी असते.

जमीन सार्वजनिक असली, तरी तेथवर पोहोचण्याची वाट असतेच असे नाही. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंस एक चौ. मैलाचे एकाआड एक चौकोन देण्यात आले. त्यामुळे खाजगी व सरकारी जमिनीचा बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा तयार झाला. २०१८ मधील एका पाहणीनुसार पश्चिमेकडील राज्यांत सु. ९५ लाख एकर संघीय जमीन खाजगी जमिनीने वेढलेली आहे. अशा जमिनीस जाण्यासाठी खाजगी चौकोनातून रस्ता काढण्याचा हक्क शासनाला आपोआप प्राप्त होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये ठरविले.

मग पटावरील दोन सरकारी चौकोन जेथे कोपऱ्याला कोपरा लागून असतात, तेथून खाजगी जमिनीस पाय न लावता ओलांडता येईल काय, असा प्रश्न उरला. २०२१ मध्ये वायोमिंगमधील एल्क पर्वतावर चार शिकाऱ्यांनी तसे केले. फौजदारी खटल्यात ते निर्दोष सुटले. दिवाणी दाव्यात दहाव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. सार्वजनिक जमिनीस कुंपण घालून लोकांना अडविण्यास १८८५ च्या कायद्याने बंदी आहे, हा या निर्णयाचा आधार होय. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्याविरुद्धचे अपील विचारात घेण्यास नकार दिला. मंटॅनासारख्या परिमंडलाबाहेरील राज्यांवर हा निर्णय बंधनकारक नाही.

वाद टाळण्यासाठी काही राज्ये जमीनमालकांना मोबदला देऊन त्यांची जमीन शिकाऱ्यांस खुली करवून घेतात. मंटॅना व कॅनझस येथील अशा योजना प्रसिद्ध आहेत. १९६४ च्या भूमी व जल संधारण निधीतूनही वाटेच्या जमिनी विकत घेतल्या जातात. अर्जदाराने विभाग निवडण्यापूर्वी तेथील सार्वजनिक जमीन व तिचे रस्ते नकाशावर पडताळून पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

भारतातील स्थिती : भारतात ब्रिटिश अमदानीत राखीव जंगलांचे शिकार-गट पाडून ठराविक मुदतीचे परवाने दिले जात. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमातही सुरुवातीस काही प्राण्यांसाठी परवान्याची तरतूद होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती काढून टाकण्यात आली. त्यामुळे महाराष्ट्रातील सांबर, चितळ, भेकर इ. प्राण्यांची शिकार आज गुन्हा ठरते. संवर्धनाचे उद्दिष्ट एकच असले, तरी एका देशाने त्यासाठी नियंत्रित शिकारीचा, तर दुसऱ्याने शिकारबंदीचा मार्ग पत्करला आहे.