दिमोनाची सोडत आणि जमिनीचा भाव

दिमोना, इस्रायल

इस्रायलमध्ये नव्या सदनिका बाजारभावाहून कमी किमतीत सोडतीने देण्याची जी सरकारी व्यवस्था आहे, तिचे मूळ तेथील जमिनीच्या मालकीत शोधावे लागते. देशातील सुमारे ९३ टक्के जमीन सार्वजनिक मालकीची असून तिचा कारभार इस्रायल भूमी प्राधिकरण पाहते. साहजिकच घरांसाठी जमीन केव्हा खुली करायची आणि कोणत्या अटींवर, हे बहुतांशी सरकारच ठरविते. एरवी अशी जमीन सर्वाधिक बोली लावणाऱ्या बिल्डरला मिळे आणि बोलीचा बोजा अखेर ग्राहकावर पडे. २०११ च्या उन्हाळ्यात तेल अवीवच्या रोथ्सचाइल्ड मार्गावर तरुणांनी तंबू ठोकून घरांच्या महागाईविरुद्ध आंदोलन केले, तेव्हापासून हा प्रश्न तेथील राजकारणात ऐरणीवर आला. पुढे २०१५ साली अर्थमंत्री मोशे काहलोन यांनी ‘मेहिर लामिश्ताकेन’, म्हणजे प्रत्यक्ष राहणाऱ्यासाठीची किंमत, ही योजना आणली.

या योजनेत निविदेची रीतच उलटी करण्यात आली. जमिनीला जास्त पैसे मोजणारा नव्हे, तर तयार घराचा प्रति चौरस मीटर दर सर्वांत कमी सांगणारा बिल्डर पात्र ठरू लागला आणि जमिनीतून होणाऱ्या उत्पन्नाचा मोठा भाग सरकारने सोडून दिला. पुढे सरकार बदलले, योजनेचे नावही बदलून ‘सवलतीचे घर’ असे झाले, निविदेचे नियमही पालटले. सोडत मात्र राहिली.

अर्जदाराला प्रथम पात्रतेचा दाखला काढावा लागतो. विवाहित जोडपी, लवकरच विवाह करणारी जोडपी आणि ३५ वर्षांवरील एकट्या व्यक्ती, ज्यांच्या नावावर घर नाही, त्यांना तो मिळतो. सोडतीत नाव निघाले म्हणजे घर मिळाले असे होत नाही. मिळतो तो रांगेतला क्रमांक, आणि त्या क्रमांकानेच बिल्डरच्या कार्यालयात नकाशावरून मजला व सदनिका निवडायची असते, त्यामुळे शेवटच्या क्रमांकांच्या वाट्याला उरलेसुरले येते. करारातील रक्कमही अंतिम नसते. ती बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेली असल्याने काम रखडले की भाग्यवान विजेत्याचे देणे वाढत जाते. घर लगेच विकून नफा कमावता येऊ नये म्हणून ताबा मिळाल्यापासून ५ वर्षे विक्रीला बंदी असते. भाड्याने देण्याला मात्र हरकत नाही, आणि ही फट लहान नव्हे. उत्पन्नाची मर्यादाही नाही. महाराष्ट्राचे गृहनिर्माण प्राधिकरण असलेले म्हाडा अर्जदारांचे अत्यल्प, अल्प, मध्यम आणि उच्च असे चार उत्पन्न गट पाडते. इस्रायलमध्ये मात्र घर नसलेला सधन डॉक्टर आणि बसचालक एकाच सोडतीत उतरतात. या मोकळेपणाचे समर्थन करणे कठीण आहे.

नेगेव वाळवंटातील दिमोना हे १९५५ साली वसविलेले गाव या योजनेची दुसरी बाजू दाखविते. कोकणातून आणि मुंबईतून गेलेल्या मराठी भाषक बेने इस्रायल समाजाची येथे मोठी वस्ती आहे. गाव वसले त्या काळी नव्याने आलेल्या कुटुंबांना सोडत ठाऊक नव्हती. कोणी कोठे राहायचे हे बहुधा अधिकारी ठरवीत आणि अशा सरकारी घरांची व्यवस्था १९४९ साली स्थापन झालेल्या ‘अमिदार’ कंपनीकडे असे. आज त्या कुटुंबांच्या नातवंडांनी तेल अवीवजवळच्या सोडतीत अर्ज भरला तर त्यांच्यासमोर प्रचंड स्पर्धा असते. दिमोनासारख्या ठिकाणी स्पर्धा कमी, पण सवलतही कमी. कारण उघड आहे: सवलत घराच्या विटा-सिमेंटातून निघत नाही, ती जमिनीच्या भावातून निघते, आणि जेथे जमीनच स्वस्त आहे तेथे सोडून देण्यासारखे सरकारजवळ फारसे नसते. म्हणून दूरच्या काही गावांत खरेदीदाराला ४० ते ६० हजार शेकेलचे वेगळे अनुदान जोडावे लागले.

हिंगोलीच्या वाचकाला महानगर आणि दूरचे गाव यांतील हे अंतर समजण्यास अडचण पडू नये. म्हाडाच्या मुंबई मंडळाने २०२३ मध्ये ४,०८२ सदनिकांची सोडत काढली तेव्हा एक लाखाहून अधिक अर्ज आले. त्याच म्हाडाच्या कोकण मंडळाला विरार-बोळींज येथील न विकलेल्या घरांसाठी ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ असे जाहीर करावे लागले. हिंगोली जिल्हा छत्रपती संभाजीनगर मंडळाच्या कक्षेत येतो, आणि हे मंडळ सदनिकांबरोबर भूखंडही सोडतीत ठेवते, हे मराठवाड्याच्या स्वभावाला धरूनच आहे. वसमत किंवा कळमनुरीत प्लॉट घेऊन सवडीने बांधणाऱ्याला चौथ्या मजल्यावरील सदनिकेचे आकर्षण कितीसे असणार? त्याच्या उपयोगाची योजना निराळी आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी विभागात स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये बांधकामाच्या टप्प्यांनुसार मिळतात. तेथे नशिबाचा प्रश्न येत नाही. प्रश्न येतो तो कागदाचा. जागा आजोबांच्या नावावर, वारसांची नोंद झालेली नाही आणि वाटणी केवळ तोंडी, अशा स्थितीत नातवाचा अर्ज नगरपालिकेत पुढे सरकत नाही.