खांद्याची तपासणी : सोनोग्राफी की एमआरआय?

रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, वरच्या फळीवरचा डबा काढताना हात अर्ध्यात अडतो, पोलक्याचे मागचे हूक लागत नाहीत. मग घरात कुणीतरी म्हणतं, ‘एमआरआय करून टाकू.’ बऱ्याचदा त्याआधी सोनोग्राफी पुरते. कधी दोन्हींची गरज नसते.

खांद्यात दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याची खोबण उथळ. त्यामुळे हात चौफेर फिरतो, पण सांधा निखळण्याचा धोकाही वाढतो. गोळा जागेवर धरतात ते रोटेटर कफचे चार स्नायू आणि त्यांचे टेंडन. त्यांतला वरचा, सुप्रास्पायनेटस, सर्वाधिक फाटतो. एक्स-रेत हाड आणि साचलेलं कॅल्शियम दिसतं. फाटलेला टेंडन दिसत नाही.

सोनोग्राफीसाठी पेशंटला स्टुलावर बसवून हात पँटच्या मागच्या खिशावर ठेवायला सांगतात. त्यामुळे हाडाच्या छपराखाली दडलेला सुप्रास्पायनेटस पुढे येतो. हात फिरवताना बायसेप्सचा टेंडन खाचेतून सरकतो का, हेही त्याच वेळी कळतं. गरज असेल तर सुई नेमक्या जागी पोचवता येते. मात्र सगळी भिस्त करणाऱ्याच्या हातावर: प्रोब जरा तिरका धरला, तर धडधाकट टेंडनही काळा, फाटल्यासारखा दिसतो. आपल्याकडे कायद्याची चौकटही आहे. गर्भलिंग निदान रोखणाऱ्या 1994च्या कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्राची नोंदणी सक्तीची आहे, मग ते फक्त सांध्यांसाठी का असेना.

ध्वनिलहरी हाडापलीकडे पाहू शकत नाहीत. तिथून पुढचं काम एमआरआयचं. 1.5 किंवा 3 टेस्लाच्या चुंबकात साधारण अर्धा तास हात न हलवता पडून राहायचं. मंगळसूत्र, बांगड्या बाहेर ठेवायच्या आणि पेसमेकर असेल तर आधीच सांगायचं. हाडाच्या आतली सूज, खोबणीच्या कडेचं लॅब्रम, स्नायूत शिरलेली चरबी हे सारं त्यात दिसतं. चरबी फार असेल, तर टेंडन शिवूनही फायदा होईलच असं नाही. म्हणून ऑपरेशनआधी ही माहिती मोलाची. तरुण खेळाडूचा खांदा वारंवार निखळत असेल, तर सांध्यात गॅडोलिनियमचं पातळ द्रावण सोडून एमआर आर्थ्रोग्राम करतात.

2013च्या कॉक्रेन आढाव्यानुसार, टेंडन पूर्ण फाटला आहे का हे ओळखण्यात दोन्ही तपासण्या जवळपास बरोबरीच्या आहेत. अर्धवट फाटलेला मात्र सोनोग्राफीतून जास्त निसटतो.

पण दिसलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलं, असं नाही. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खांद्याची काहीच तक्रार नसलेल्या 96 जणांचे एमआरआय काढले होते. साठीपुढच्यांपैकी 54 टक्क्यांच्या कफमध्ये पूर्ण किंवा अर्धवट फाट निघाली! उलट मधुमेह्यांना अनेकदा छळणारा ‘फ्रोझन शोल्डर’ डॉक्टर मुख्यतः हात फिरवून ओळखतात. आखडलेला सांधा दुसऱ्यानं फिरवूनही फिरत नाही.

म्हणून तपासणीची चिठ्ठी हाती आली की डॉक्टरांना एकच विचारा : ‘हिच्या निकालानं माझे उपचार बदलणार आहेत का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर तपासणी जरूर करा. ‘नाही’ असेल, तर आधी सांगितलेले व्यायाम नेटानं करा.