धर्मग्राम चालतो कसा?

वसईतल्या कुठल्याही चर्चच्या आवारात शिरलं की मनोरा, क्रूस आणि मारियामातेचा ग्रोटो आधी नजरेत भरतो. पण चर्च चालतं कसं हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्याने आधी ऑफिसात जावं. तिथल्या कपाटात जाड पुठ्ठ्याच्या बांधणीच्या नोंदवह्या असतात: बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची. या वह्या ठेवणं प्रत्येक धर्मग्रामाला चर्चच्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

धर्मग्राम, लोकांच्या तोंडी पॅरिश, म्हणजे ठरावीक हद्दीत राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांचा समुदाय. हद्द बिशप आखून देतात, प्रमुख धर्मगुरूही तेच नेमतात. असे अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो. वसईचा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला आणि पापडीचं चर्च त्याचं कॅथेड्रल बनलं. घरात कुणी कादोडी बोलो, कुणी वाडवळी, इथली मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, मराठीत होते. एके काळी ती लॅटिनमध्ये होई. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने लोकभाषेला दार उघडलं, त्यानंतर हे चित्र पालटलं.

बाप्तिस्म्याच्या वहीपाशी जरा थांबायला हवं. बाळाचं नाव, आईवडील, गॉडफादर-गॉडमदर, जन्माची आणि बाप्तिस्म्याची तारीख, संस्कार देणारे धर्मगुरू, एवढं तर कुठल्याही नोंदीत असतंच. महत्त्वाचा आहे तो त्या नोंदीशेजारचा मोकळा समास. मूल मोठं झालं, त्याचं दृढीकरण झालं, की ते इथे लिहायचं. मुलीचं लग्न दादरच्या किंवा पुण्याच्या चर्चमध्ये लागलं, तर तिकडचं ऑफिस इकडे कळवतं आणि ते लग्न तिच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी चढतं. कुणी धर्मगुरू झाला, कुणी सिस्टर होऊन आजन्म व्रतं घेतली, तेही इथेच. माणूस कुठेही गेला तरी त्याचा धार्मिक वृत्तान्त त्याच्या पहिल्या धर्मग्रामात जमा होत राहतो. म्हणूनच लग्न ठरलं की ऑफिस बाप्तिस्म्याचा नवा दाखला मागतं. घरच्या फायलीत जपून ठेवलेला जुना दाखला चालत नाही, याचा अनेकांना राग येतो. पण त्या जुन्या कागदावर नंतरच्या नोंदी नसतात आणि ऑफिसला नेमक्या त्याच तपासायच्या असतात. मग तीन रविवार मिस्सेत वधूवरांची नावं जाहीर होतात. या लग्नाला काही अडसर कुणाला ठाऊक असेल, तर त्याने धर्मगुरूंना सांगावं एवढाच त्याचा हेतू.

आता प्रत्यक्ष मिस्सेकडे येऊ. रविवारी बायबलमधली तीन वाचनं होतात आणि शुभवर्तमानाचं वाचन तीन वर्षांच्या चक्रात फिरतं: एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक. प्रवचनानंतर येतात श्रद्धावंतांच्या प्रार्थना. त्यांचा क्रम ठरलेला आहे. आधी जागतिक चर्चसाठी, मग राज्यकर्त्यांसाठी आणि जगासाठी, मग संकटात सापडलेल्यांसाठी, शेवटी आपल्या धर्मग्रामासाठी. या शेवटच्या विनंतीकडे कान द्यावा. या आठवड्यात कोण वारलं, कुणाचं ऑपरेशन आहे, कुठल्या घरी संकट आलं, हे तिथे कळतं. माझ्या मते धर्मग्राम जिवंत आहे की नाही, हे या एका विनंतीवरून ओळखता येतं. दर रविवारी छापील पुस्तकातून तीच ती वाचली जात असेल, तर त्या आठवड्यात कुणी कुणाच्या घरी गेलेलं नाही, असं खुशाल समजावं.

प्रार्थनेपाठोपाठ वर्गणीची थैली फिरते आणि हा क्रम फार जुना आहे. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममधल्या जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून एक निवेदन लिहिलं. त्यात रविवारच्या उपासनेचं वर्णन आहे. वाचन, उपदेश, सर्वांनी उभं राहून केलेली प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारस. जे येऊ शकले नाहीत त्यांचा वाटा सेवक घरी नेऊन देत. आणि ऐपतीप्रमाणे जमलेले पैसे प्रमुखाकडे राहत. अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावाहून आलेले, या साऱ्यांसाठी ते असत. वसईतल्या रविवारचा सांगाडा आजही हाच आहे.

घरी नेऊन द्यायचा तो वाटा आजही जातो. मिस्सेनंतर उरलेलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत अर्पण केलेली भाकर, वेदीजवळच्या पवित्र पेटीत ठेवतात, ते मुख्यतः आजाऱ्यांसाठी आणि मरणासन्न माणसांसाठी. बिशपांची परवानगी मिळालेले प्रापंचिक सेवकही ते घरोघर पोहोचवतात. गोल, झाकणाची छोटी डबी गळ्यात अडकवलेली असते आणि ती घेऊन वाटेत गप्पा मारत थांबायचं नसतं. घरच्यांनी खाटेशेजारी टेबलावर पांढरं कापड घालून क्रूस आणि मेणबत्ती ठेवलेली असते. कम्युनियनपूर्वीचा तासाभराचा उपास आजाऱ्याला लागू नाही, त्याची शुश्रूषा करणाऱ्यालाही नाही. प्रार्थना पाच-दहा मिनिटांत आटोपते. पण सेवक घरात डोकावून आलेला असतो. म्हातारी दिवसभर एकटी असते, औषधं संपलेली आहेत, सून बोलताना रडवेली झाली, हे त्याच्या लक्षात येतं. धर्मगुरूंच्या कानावर अडचणी जातात त्या बहुतेक अशाच वाटेने.

तिथून पुढचं काम सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं. पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन ती सुरू केली. गरिबांच्या वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांनी या मुलांना कुणाच्या घरी जायचं आणि तिथे कसं वागायचं हे शिकवलं. धर्मग्रामातल्या सोसायटीच्या शाखेला कॉन्फरन्स म्हणतात. सभा नियमित भरते. सुरुवातीला प्रार्थना आणि आध्यात्मिक वाचन, मग मागच्या भेटींचा अहवाल. सभेत एक बंद थैली फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालायची आणि रिकामी बाहेर काढायची. कुणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही, ज्याच्याकडे त्या दिवशी काही नाही त्याचाही मान राहतो.

भेटीला नेहमी दोघे जातात. एकट्याचा अंदाज चुकू शकतो आणि दोघांनी मिळून पाहिलं की पैशांचा व्यवहारही स्वच्छ राहतो. घरात गेल्यावर आधी बसायचं, बोलायचं. यादी काढून प्रश्नांची सरबत्ती करायची नाही. कुटुंब दत्तक घेतलं, तर धान्य, औषधं, शाळेची फी, गळकं छप्पर, जे लागेल ते सभेत ठरतं. नावं सभेबाहेर जात नाहीत, वेदीवरून तर नाहीतच. धर्म विचारला जात नाही. या सगळ्यात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गुप्तता. मदत घेणाऱ्याला हार घालून, फोटो काढून दिलेलं धान्य त्या घरातली माणसं कशा चेहऱ्याने शिजवत असतील? कॉन्फरन्समध्ये त्याला थारा नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. प्रत्येक धर्मग्रामात प्रापंचिकांचा सहभाग असलेली वित्त समिती असलीच पाहिजे, असा नियम आहे. पॅरिश कौन्सिल सल्ला देतं, निर्णय धर्मगुरूंचा असतो. मिस्सेसाठी लोक जे अर्पण देतात, त्याविषयी मात्र नेहमी गैरसमज होतो. ती मिस्सेची किंमत नव्हे. एखाद्याने दिलेलं अर्पण स्वीकारलं, की ती मिस्सा त्याच्या हेतूसाठी, मृतांसाठी, आजाऱ्यासाठी किंवा आभार म्हणून, अर्पावी लागते. दिवसात दोन मिस्सा केल्या तरी धर्मगुरूंना एकाच मिस्सेचं अर्पण स्वतःसाठी ठेवता येतं, नाताळचा अपवाद सोडला तर. आणि गरिबाने काहीच दिलं नाही तरी त्याच्या हेतूसाठी मिस्सा करावी, अशी कायद्याची कळकळीची शिफारस आहे.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात हे सगळं चक्र वेग घेतं. मागच्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेली पानं जाळून राख करतात आणि राखेच्या बुधवारी ती कपाळाला लागते. पुढचे चाळीस दिवस प्रार्थना, उपास आणि दानधर्म ही तिन्ही कामं एकत्र करायची असतात. उपासातून वाचलेले पैसे बाजूला पडावेत अशी अपेक्षा असते. कारितास इंडिया ही १९६२ साली स्थापन झालेली संस्था या काळात देशभर भूक आणि रोग यांविरुद्धची मोहीम चालवते. धर्मग्रामातला निधी तिकडेही जातो.

दान देऊन भागत नाही, हेही वसईला फार पूर्वी कळलं होतं. सावकाराच्या कचाट्यातून शेतकरी सुटावा म्हणून मोन्सेन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ साली पुढाकार घेऊन सहकारी पतपेढी काढली. तीच आजची बॅसीन कॅथलिक को-ऑपरेटिव्ह बँक. धान्याच्या पिशवीने एक महिना निघतो, रास्त व्याजाच्या कर्जाने वाडी वाचते, आणि धर्मग्रामाला दोन्ही करता आलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

नव्या धर्मग्रामात राहायला आला असाल, तर ऑफिसात जाऊन कुटुंबाचं नाव आधी नोंदवा. वहीत नसलेल्या घरी कम्युनियन घेऊन कुणी येणार तरी कसं? आणि शेजारी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, घर कुठल्याही धर्माचं असो, तर धर्मगुरूंना किंवा सोसायटीच्या एखाद्या सभासदाला तेवढं सांगा. अडचणीतली बहुतेक माणसं स्वतःहून ऑफिसची पायरी चढत नाहीत.